हे कशावरून काढलंय?

मामा १९७४ मध्ये ओहायोतलं शिक्षण आटपून पुण्याला परतला, तेव्हा त्याच्या ट्रंकेत पुस्तकांखाली दडपलेल्या अकरा एलपी होत्या. त्यातली एक ‘द बर्ड्‌स’ या बँडची ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’. गेल्या दिवाळीत तो फराळाला आला म्हणून मी मुद्दाम तोच अल्बम फोनवरून स्पीकरला जोडून लावला. फोनने आपल्या मर्जीने गाणी उलटसुलट वाजवायला घेतली. ‘द ख्रिश्चन लाइफ’ लागलं आणि मामाने तोंडाकडे नेलेली चकली तशीच धरून ठेवली.

‘हे कोण गातंय?’

‘मामा, तुझाच बँड आहे.’

‘बँड माझाच आहे रे. माणूस दुसरा आहे.’

मला वाटलं, पंच्याहत्तरी उलटली की कानही दगा देत असतील. घरी कोणी काही बोललं नाही. पण रात्री शोधाशोध केली, तेव्हा मामाचं शंभर टक्के बरोबर निघालं. एकच अल्बम, एकच गाणं, गाणारा वेगळा. जुन्या तबकड्या नव्याने बाजारात येतात तेव्हा काय काय होतं, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

घडलं ते असं. १९६८ च्या फेब्रुवारीत ग्रॅम पार्सन्स नावाचा एकवीस वर्षांचा मुलगा बर्ड्‌समध्ये आला. तोवर हा बँड झणझणीत बारा तारांच्या गिटारवर रॉक वाजवायचा. पार्सन्सने त्यांना कंट्रीकडे ओढलं. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या गोऱ्या शेतकरी-कामगारांचं संगीत: फिडल, बँजो, आणि पेडल स्टील नावाचं ते आडवं, हुंदके दिल्यासारखं वाजणारं वाद्य. बँड थेट नॅशव्हिलला, कंट्रीच्या पंढरीत, ध्वनिमुद्रणाला गेला. कंट्री-रॉकची पायाभरणी करणाऱ्या अल्बममध्ये हा मोडतो. अडचण एवढीच, की पार्सन्स आधीच ली हेझलवूडच्या तबकड्यांच्या कंपनीशी करारात बांधलेला होता. कोर्टकचेरीचं सावट आलं आणि तीन गाण्यांतला त्याचा मुख्य आवाज काढून तिथे बँडमधलाच रॉजर मॅग्विन, एका गाण्यात क्रिस हिलमनसोबत, पुन्हा गायला. निर्माता गॅरी अशरने पुढे वेगळंच सांगितलं: कराराचा तिढा सुटला होता, आवाज बदलला तो अल्बमसाठी. कारण काही असो, ऑगस्ट १९६८ मध्ये अल्बम आला तो या बदललेल्या आवाजांसह. पार्सन्स त्याआधीच, जुलैत, दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याला नकार देऊन बँड सोडून गेला होता. अल्बम बिलबोर्ड मासिकाच्या खपाच्या यादीत ७७ च्या वर चढला नाही. १९७३ मध्ये पार्सन्स वारला, वयाच्या सव्विसाव्या वर्षी.

मग १९९० मध्ये बर्ड्‌सचा मोठा सीडी-संच निघाला आणि त्यात पार्सन्सच्या आवाजातली ती गाणी पहिल्यांदा लोकांपुढे आली. पुढे १९९७ आणि २००३ च्या आवृत्त्यांत आणखी भर पडली. फोनवरच्या अल्बमला शेपटासारखी जोडलेली गाणी तिथूनच आलेली. मामाने ट्रंकेतून आणलेलं गाणं आणि मी त्याला ऐकवलेलं गाणं, दोन्ही अस्सल. एक छापलेलं, दुसरं बावीस वर्षं कपाटात पडलेलं.

तेव्हापासून मला खोड लागली आहे. ‘रीमास्टर्ड’, ‘डिलक्स’, ‘१८० ग्रॅम’ असं काही चिकटवलेलं दिसलं, की मी एकच विचारतो: हे कशावरून काढलंय? आपल्याकडे कुळवृत्तांत काढतात ना, अमुक तमुकाचा नातू, तसा तबकडीचाही कुळवृत्तांत असतो. तो कळला की बाकीची जाहिरात आपोआप बाजूला पडते.

भाजी, वाट्या आणि पातेलं

आधी तीन शब्द वेगळे करू, कारण दुकानदारसुद्धा ते एकमेकांत कालवतात.

साठच्या दशकाच्या उत्तरार्धात स्टुडिओत गाणं सर्रास मल्टिट्रॅक टेपवर घेत. एकाच रुंद टेपवर शेजारी शेजारी पट्टे. एकावर ढोल, एकावर गिटार, एकावर गाणाऱ्याचा आवाज. चिरून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवलेली सामग्री म्हणा. मग या वाट्या प्रमाणात एकत्र करून दोन पट्ट्यांवर, डाव्या-उजव्या कानासाठी, भाजी शिजवायची. ते मिक्सिंग. त्यातून जी टेप तयार होते ती मास्टर टेप. आणि पानात वाढण्याआधी चव बघून मीठ-लिंबू सारखं करायचं, सगळी गाणी एका जातीची लागतील असं बघायचं, ते मास्टरिंग.

आता रीमास्टर म्हणजे शिजलेल्या भाजीवर पुन्हा हात फिरवणं. मीठ कमी असेल तर घाला, वरून कोथिंबीर भुरभुरा. कांदा मात्र वेचून काढता येणार नाही. रीमिक्स म्हणजे पुन्हा वाट्यांपासून सुरुवात. इथे कांदा वगळताही येतो, आणि बर्ड्‌सच्या बाबतीत झालं तसं, पूर्वी न वापरलेली वाटीही पातेल्यात पडते. आणि रीइश्यू? तो शब्द फक्त इतकंच सांगतो की माल पुन्हा बाजारात आला. पुस्तकांच्या भाषेत पुनर्मुद्रण. त्यात मजकूर सुधारलाय, बिघडवलाय की तसाच ठेवलाय, याचा काही पत्ता लागत नाही.

रीमिक्सबद्दल माझं मन जरा कडू आहे. ‘द बँड’ या बँडच्या १९६८ च्या ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’चं पन्नासाव्या वर्षी, २०१८ मध्ये, बॉब क्लिअरमाउंटन या ध्वनितंत्रज्ञाने नवं मिक्स केलं. ऐकायला स्वच्छ आहे, प्रत्येक वाद्य बोट ठेवून दाखवावं इतकं सुटं. पण मूळ अल्बमचा जो मातकट गिलावा होता, सगळे एका तळघरात गुडघ्याला गुडघा लावून बसल्यासारखे, तो गेला. पुढे २०२१ मध्ये त्यांच्याच ‘स्टेज फ्राइट’चं नवं रूप आलं, त्यात गाण्यांचा क्रमही बदलला, आधी असाच क्रम ठरला होता, असं सांगून. तोवर पाचांपैकी तिघे हयात नव्हते. लेखक गेल्यावर प्रकरणं पुढेमागे केली तर आपण किती आरडाओरडा करू!

याउलट जीन क्लार्कच्या ‘नो अदर’ला नव्या आवृत्तीने अक्षरशः दुसरा जन्म दिला. हा क्लार्कही मूळचा बर्ड्‌समधलाच. १९७४ च्या या अल्बमवर एक लाख डॉलरच्या वर खर्च झाला, निघाली फक्त आठ गाणी, कंपनीने जाहिरातीला हात आखडता घेतला, अल्बम आपटला आणि दोनेक वर्षांत दुकानांतून गेला. क्लार्क १९९१ मध्ये वारला. २०१९ मध्ये फोर एडी या ब्रिटिश कंपनीने मूळ टेपांवरून त्याची थाटाची आवृत्ती काढली आणि जे कानाआड गेलं होतं ते संगीताच्या मासिकांनी डोक्यावर घेतलं. हे बघायला तो नव्हता.

जिथे टेपच नव्हती

हे सगळं झालं टेपच्या काळातलं. ब्लूजकडे, म्हणजे कंट्री-रॉकच्या एका थोरल्या आजोबांकडे, वळलं की कोडं अवघड होतं. मिसिसिपीच्या कापूस पिकवणाऱ्या सपाट प्रदेशातल्या कृष्णवर्णीय गायकांनी १९२०-३० च्या दशकांत जे गायलं, ते थेट तबकडीवर कोरलं जायचं. अमेरिकन स्टुडिओंत टेप आली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. तिथे ना वाट्या, ना पातेलं. फक्त धातूचा साचा आणि त्यावरून निघालेल्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या.

या तबकड्यांचा आपल्या मातीशी खरोखरचा संबंध आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या लाखेच्या असायच्या. थोडी लाख, बाकी दगडाची भुकटी आणि काजळी. जगातली बरीचशी लाख जायची आपल्याकडून. छोटा नागपूरच्या पट्ट्यात पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी राळ सोडतात ती खरवडून, गाळून, कलकत्त्याच्या बंदरातून. मिसिसिपीच्या गड्याचा आवाज पळसावरच्या किड्याच्या राळेत उमटलाय, ही गोष्ट मला प्रत्येक वेळी नव्याने मौजेची वाटते. १९४२ मध्ये युद्धामुळे लाखेचा पुरवठा आटला तेव्हा अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठीचा लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कापला आणि जुन्या तबकड्या गोळा करून दळायला घेतल्या. त्या गिरणीत काय काय गेलं असेल देव जाणे.

सुतारकाम बघितलेल्यांना आणखी एक कळेल. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्याचंच पॉलिश होतं. म्हणून ७८ ची तबकडी स्पिरिटने पुसायची नाही. मी स्वतः जुन्या बाजारातून आणलेली एक तबकडी ‘स्वच्छ’ करायला गेलो आणि बोळ्यावर काळा डाग उमटला. तो डाग म्हणजे गाणं होतं.

आता नवी आवृत्ती काढणाऱ्याला काय करावं लागतं? पॅरामाउंट ही विस्कॉन्सिनमधली कंपनी घ्या. तिची मालक खुर्च्या बनवणारी कंपनी. ग्रामोफोनची लाकडी कपाटं विकायची म्हणून जोडीला तबकड्या काढल्या, त्याही हलक्या मालाच्या, नव्या कोऱ्या असतानाच कढईत भजी सोडल्यासारख्या वाजणाऱ्या. चार्ली पॅटनने १९२९ मध्ये आणि सन हाउसने १९३० मध्ये याच कंपनीसाठी गायलं. ब्लूजचं आद्य वाङ्मय म्हणावं असं. मंदीत धंदा बसला, धातूचे साचे मोडीत गेले. त्यामुळे आज पॅटनची नवी आवृत्ती काढायची तर कोणा संग्राहकाच्या घरातली, कधी जगात दोन-चारच उरलेली, झिजकी तबकडी हेच ‘मूळ’.

ती वाजवायची कशी, इथेच खरी कारागिरी. ७८ च्या खाचेला एलपीच्या तिप्पट जाड सुई लागते. पण जुन्या जड ग्रामोफोनच्या पोलादी सुईने खाचेची एक विशिष्ट पातळीच घासलेली असते. म्हणून कसबी तंत्रज्ञ वेगवेगळ्या जाडीच्या सुया लावून बघतो: जरा बारीक घेतली तर ती झिजलेल्या भागाच्या खाली टेकते, जरा जाड घेतली तर वर. जिथे कोणी पन्नास-ऐंशी वर्षांत सुई टेकवली नाही अशी केसभर भिंत सापडली की आवाज धुक्यातून बाहेर आल्यासारखा पुढे येतो. यानंतर संगणकाने टकटक काढायची. आणि इथेच हात सैल सुटतो. खरखर आणि गिटारच्या तारेची धार एकाच वरच्या पट्टीत राहतात. खरखर पूर्ण खरवडली की धारही जाते, आणि गायक तोंडावर उशी धरून गातोय असं वाटतं. मी खरखर ठेवणाऱ्यांच्या बाजूचा आहे. कान दोन मिनिटांत तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. गेलेली धार मात्र परत आणता येत नाही.

अशाच एका जुन्या मुद्रणाने जिवंत माणूस परत आणला होता. मिसिसिपी जॉन हर्टने १९२८ मध्ये ओके कंपनीसाठी काही गाणी गायली आणि मग तो शेतमजुरीला परत गेला. १९५२ मध्ये हॅरी स्मिथने स्वतःच्या संग्रहातल्या ७८ च्या तबकड्यांवरून ८४ गाण्यांचा जो एलपी-संच फोकवेज कंपनीसाठी केला, त्यात हर्टची दोन गाणी आली आणि नव्या पिढीला हे नाव कळलं. हर्ट कधीच वारला असणार, असं सगळ्यांनी धरलेलं. त्याच्या ‘ॲव्हलॉन ब्लूज’मध्ये त्याने आपल्या गावाचं नाव गुंफलं होतं. टॉम हॉस्किन्स या तरुणाने जुन्या नकाशात ॲव्हलॉन हुडकलं आणि १९६३ मध्ये तिथे जाऊन चौकशी केली. हर्ट घरीच होता! त्याच वर्षी तो न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारोंपुढे गायला. आयुष्याची शेवटची तीन वर्षं त्याला टाळ्या मिळाल्या.

एका माणसाची बेचाळीस तुकड्यांची शिल्लक

रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायक-गिटारवादकाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण पुनर्प्रकाशनाच्या धंद्याचे सगळे रंग त्याच्या एकट्याच्या गोष्टीत दिसतात.

नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोच्या एका हॉटेलात आणि जून १९३७ मध्ये डॅलसला, एवढीच त्याची दोन ध्वनिमुद्रणं. गाणी २९. ऑगस्ट १९३८ मध्ये तो सत्ताविसाव्या वर्षी गेला. हयातीत त्याची ओळख प्रदेशापुरतीच. १९६१ मध्ये कोलंबिया कंपनीने त्याच्या सोळा गाण्यांची एलपी काढली. ती फार खपली नाही, पण ज्यांच्या हाती पडली त्यांनी पुढे जग हलवलं. एरिक क्लॅप्टनच्या ‘क्रीम’ या बँडने त्याचं ‘क्रॉसरोड्स’ घेतलं. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने ही एलपी ऐकून विचारलं होतं म्हणतात, की हा दुसरा गिटार वाजवणारा कोण? दुसरा कोणी नव्हताच. स्टोन्सने १९६९ मध्ये त्याचं ‘लव्ह इन व्हेन’ केलं ते चक्क मँडोलिन घालून, कंट्रीच्या चालीवर. ब्लूज आणि कंट्री-रॉक एकाच दुकानात एकाच कप्प्यात का सापडतात, याचं उत्तर त्या एका गाण्यात आहे.

मग १९९० मध्ये त्याच्या सगळ्या मुद्रणांचा दोन सीडींचा संच आला. त्यात ४१ तुकडे. काही गाणी दोनदा गायलेली, दोन्ही दिली. कंपनीच्या अपेक्षेपलीकडे जाऊन तो दहा लाखांवर खपला, त्याला ग्रॅमीही मिळालं. ‘संपूर्ण’ म्हणून विकलेल्या संचात नसलेला बेचाळिसावा तुकडा नंतर मिळाला आणि १९९८ मध्ये निघाला. ‘समग्र वाङ्मय’ म्हणून खंड काढावेत आणि आठ वर्षांनी पुरवणी खंड यावा, तसंच.

पैसा आला तसे वारस आले. जॉन्सनच्या सावत्र बहिणीचे वारस एका बाजूला, दुसऱ्या बाजूला क्लॉड जॉन्सन नावाचा ट्रकवर राबणारा माणूस, जो म्हणत होता की मी त्याचा मुलगा. १९३१ चा जन्म, लग्नाचा कागद नाही. कोर्टात आईच्या एका म्हाताऱ्या मैत्रिणीने साक्ष दिली की त्या दोघांना मी डोळ्यांनी पाहिलंय. १९९८ मध्ये क्लॉड वारस ठरला, २००० मध्ये मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. ज्याने बापाला लहानपणी जेमतेम दारातून पाहिलं त्याला साठीनंतर लाखो डॉलर मिळाले.

वेगाचाही वाद आहे. काहींचं म्हणणं, जॉन्सनची मुद्रणं मुळात २० टक्क्यांपर्यंत जलद वाजतात, खरा आवाज जाड आणि संथ होता. ऐकायला रंजक, पण जाणकार बहुतेक मानत नाहीत: सात महिन्यांच्या अंतराने, दोन वेगळ्या शहरांत, यंत्र अगदी तेवढंच चुकेल कसं? आणि एक गंमत. त्याचा तोंडात सिगारेट असलेला फोटो प्रसिद्ध आहे. १९९४ मध्ये अमेरिकन टपालखात्याने त्यावरून तिकीट काढलं आणि सिगारेट गायब केली. त्याला रीमास्टरच म्हणायला हवं.

टेप भाजणे, टेप जळणे

टेपच्या काळातही सगळं सुखाचं नाही. गंमत म्हणजे पन्नास-साठच्या दशकांतल्या टेपा बऱ्याचदा ठणठणीत असतात, आणि सत्तरच्या मध्यानंतरच्या आजारी पडतात. त्या काळात काही कंपन्यांनी चुंबकीय भुकटी टेपला चिकटवायला जे रसायन वापरलं ते हवेतला ओलावा पितं आणि चिकट होतं. अशी टेप यंत्रावर चढवली की ती करकर ओरडते आणि भुकटी, म्हणजे गाणं, यंत्रालाच फासून जाते. उपाय ऐकून कोणीही हसेल: टेप भाजायची. साधारण ५०-५५ अंशांच्या मंद उबेत काही तास ठेवायची, म्हणजे ओलावा निघतो आणि काही दिवस-आठवडे ती धड वाजते. काहीजण त्यासाठी फळं-भाज्या सुकवायचं घरगुती यंत्र वापरतात. सादळलेले पापड उन्हात घालतो तसंच हे, फक्त पापडावर कोणाचा तरी अल्बम आहे.

आगीचा मात्र इलाज नाही. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमध्ये युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात आग लागली. तिथल्या एका गोदामात संगीताच्या मूळ टेपा होत्या. किती आणि कोणाच्या, हे जगाला अकरा वर्षं नीट कळलंच नाही. २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने मोठा वृत्तांत छापला, त्यात शिकागोच्या चेस कंपनीच्या, मडी वॉटर्स-हाउलिन वुल्फ या ब्लूज गायकांच्या घराण्याच्या, टेपांचाही उल्लेख होता. युनिव्हर्सलने नंतर सांगितलं की नुकसानीचे आकडे फार फुगवलेले आहेत. खरं काय ते असो, एखाद्या नव्या आवृत्तीवर ‘मूळ टेपवरून’ असं लिहिलेलं नसेल तर कधीकधी ती टेप उरलेलीच नसते. मग तिची नक्कल, परदेशी शाखेला पाठवलेली प्रत किंवा कोणाची तरी चांगली राहिलेली तबकडी कामाला येते.

मडी वॉटर्सचा ‘फोक सिंगर’ हा अल्बम मी नव्या आवृत्ती जोखायला वापरतो. सप्टेंबर १९६३ मध्ये शिकागोत मुद्रण. एरवी विजेच्या गिटारवर गरजणारा माणूस इथे साध्या गिटारवर, सोबत तरुण बडी गाय, विली डिक्सनचा डबल बास, ढोल अगदी बेताचा. यात निम्मं संगीत म्हणजे शांतता. मडी कुजबुजतो, थांबतो आणि मग एकदम असा आवाज लावतो की आपण दचकून मागे सरतो. आता नव्वदीनंतर सीडीच्या जगात एक खूळ आलं: प्रत्येक रीमास्टर शेजारच्यापेक्षा मोठ्याने वाजला पाहिजे. त्यासाठी हळू भाग वर उचलायचे, मोठे भाग दाबायचे. कुजबुज आणि आरोळी एकाच उंचीवर. फरक बघायचा तर आवाजाचं बटण न हलवता दोन आवृत्त्या लागोपाठ लावा. चांगल्या आवृत्तीत सुरुवातीला वाटतं, फारच हळू आहे की काय. मग तो आवाज लावतो.

सव्वाशे डॉलरचा धडा

एलपी कशी होते तेही थोडक्यात सांगतो, कारण पुढचा गोंधळ त्यावाचून कळणार नाही. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा, म्हणजे एका रोगणाचा, थर देतात. कापणीच्या यंत्रावर तापलेली सुई त्यात खाच कोरते. त्यावर चांदीचा फवारा, मग निकेलचा थर. तो सोलून काढला की उलटा साचा मिळतो, त्याला म्हणतात फादर. फादरवरून मदर, मदरवरून स्टॅम्पर, आणि स्टॅम्परखाली गरम प्लास्टिक दाबलं की तुमची-आमची एलपी. सगळा कुळवृत्तांतच. लॅकरच्या चकत्या बनवणारे जगात दोनच उरले होते. त्यातला कॅलिफोर्नियातला कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला, आणि सगळ्यांच्या नजरा उरलेल्या एका जपानी कारखान्याकडे लागल्या.

मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी महागड्या पुनर्प्रकाशनांसाठी नावाजलेली. तिच्या ‘वन-स्टेप’ मालिकेत फादर-मदरचे टप्पे गाळले जात, किंमत सव्वाशे डॉलर. घेणाऱ्यांची समजूत अशी की मूळ टेपपासून लॅकरपर्यंत सगळं ॲनालॉग, मध्ये संगणकाचा स्पर्श नाही. जुलै २०२२ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका दुकानदाराने, आतल्या माहितीवरून, व्हिडिओत सांगितलं की मध्ये डिजिटल पायरी असते. कंपनीने ते कबूल केलं. २०११ पासूनच्या बऱ्याच तबकड्यांत ते होतं. ग्राहक कोर्टात गेले, अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर प्रकरण आलं.

मला यातली खरी बोच वेगळी वाटते. ज्यांनी वर्षानुवर्षं ‘डिजिटल मला पाच सेकंदांत ओळखू येतं’ म्हणून मिशीला पीळ दिला, त्यांनीच या तबकड्यांची ॲनालॉगचा कळस म्हणून वाखाणणी केली होती. तबकड्या चांगल्याच होत्या, आजही आहेत. लबाडी कुळवृत्तांतात होती.

तसंच ‘१८० ग्रॅम’चं. वजनाने तबकडी हाताला भारी लागते, वाकायला जरा कमी लागते. खाच तेवढीच खोल. मिनिटाला ४५ फेऱ्यांवर, म्हणजे नेहमीच्या एलपीपेक्षा जास्त वेगावर, कापलेल्या आवृत्तीत मात्र तथ्य आहे: एका सेकंदात सुईखालून खाचेची जास्त लांबी जाते, त्यामुळे बारकावे जास्त मावतात. पण मग एका एलपीच्या दोन होतात आणि दर दहा मिनिटांनी उठावं लागतं.

स्वस्त आवृत्त्यांचं गणित कायद्यात आहे. युरोपात १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेली मुद्रणं हक्कमुक्त आहेत, त्यामुळे जॉन्सन, सुरुवातीचा मडी, हे तिथे कोणीही काढू शकतो. बऱ्याचदा जुन्या सीडीवरून एलपी कापून. अमेरिकेत २०१८ च्या कायद्याने १९२३ ते १९४६ च्या मुद्रणांना शंभर वर्षं दिली, म्हणजे पॅटनची १९२९ ची गाणी २०३० मध्ये मोकळी होतील. भारतात मुद्रणाचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं. म्हणून अगदी स्वस्तात तीन एलपी असा संच दिसला तर कव्हर उलटून बघा. कोणी मास्टरिंग केलं, कुठे कापलं, कोणत्या टेपवरून, यातलं एकही नाव नसेल तर काढणाऱ्यालाही ते सांगण्यासारखं वाटलेलं नाही.

एलपीवर आणखी एक जागा असते: शेवटच्या गाण्याच्या खाचा आणि कागदी लेबल यांच्यामधली चकचकीत पट्टी. तिच्यात कापणी करणाऱ्याने सुईने आकडे, अक्षरं, कधी स्वतःची आद्याक्षरं कोरलेली असतात. फोनच्या विजेरीत तबकडी तिरकी धरली की वाचता येतात.

हे सगळं मी मामाला तुळशीच्या लग्नाच्या दिवशी सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात तो कापडी पिशवीत ती एलपी घेऊन आला. आधीच भिंग लावून बघितलं होतं. पट्टीवरच्या आकड्याच्या शेवटी ‘१ डी’ आहे म्हणाला, म्हणजे चौथा लॅकर. मग म्हणाला, ‘त्या पोराचं लाव.’ पार्सन्सचं ‘द ख्रिश्चन लाइफ’ आम्ही दोनदा ऐकलं. मामा खिडकीबाहेर बघत होता.

‘मॅग्विन खेडवळ हेल काढून गायचा ना, तेव्हा पन्नास वर्षं मला वाटायचं हा थट्टा करतोय की काय. हा पोरगा मनापासून गातोय.’

मी म्हटलं, ‘म्हणजे हेच बरं.’

‘बरंच आहे,’ मामा म्हणाला आणि पिशवीतून एलपी काढून माझ्या हातात दिली. ‘आता माझं लाव.’